तबकडीवरचा शाहीर

सुरुवातीलाच एक कबुली देऊन टाकते. माझं सगळं शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये झालं. मराठी हा विषय होता, पण तो पेपरपुरता. त्यामुळे या लेखात कुठे र्‍हस्व-दीर्घ चुकलं तर मराठी विभागाच्या संपादकांनी ते दुरुस्त केलं असेल असं समजून पुढे वाचा.

हा लेख लिहायचं कारण आपल्याच कॉलेजमध्ये घडलं. मागच्या गॅदरिंगला राज्यगीत लावलं, तेव्हा सगळे उभे राहिले. माझ्या शेजारची मैत्रीण मात्र अर्ध्या गाण्यानंतर उठली आणि तेही मॅडमनी बघितलं म्हणून. ती यवतमाळ जिल्ह्यातली. रात्री मेसमध्ये यावरून जोरात वाद झाला. तिचं म्हणणं असं की तिचे आजोबा वेगळ्या विदर्भासाठी मोर्च्यात गेलेले, मग तिने महाराष्ट्राचा जयजयकार का करायचा? पुण्याहून आलेली एक मुलगी चिडली. मी दोघींच्या मधे बसून वरण-भात खात होते. तेवढ्यात कुणीतरी विचारलं, हे गाणं म्हटलंय कुणी? आणि गंमत बघा, वाद घालणाऱ्या सात-आठ जणींपैकी एकीलाही सांगता येईना. मला नाव माहीत होतं, फक्त नाव. शाहीर साबळे.

नाव माहीत असण्याचं कारण आमच्या घरचा टेपरेकॉर्डर. तो बाबांचा, त्यांच्या लग्नाच्याही आधीचा. सेकंड इयरला असताना दिवाळीच्या सुट्टीत मी तो उघडला. आत मोटर चांगली होती, हेडही ठीक होतं, पण रबरी बेल्ट वितळून काळ्या गुळासारखा झाला होता. वर्ध्याच्या बाजारात एका दुरुस्तीवाल्या काकांकडे जुन्या मालात बेल्ट मिळाला. तो बसवला, हेडवर स्पिरिटचा कापूस फिरवला आणि हाताला लागेल ती कॅसेट घातली. त्या कॅसेटवर भारूड होतं, 'विंचू चावला'. सोळाव्या शतकातल्या एकनाथांची रचना, आणि गाणाऱ्याचा आवाज असा की खरोखर अंगणात कुणाला तरी विंचू डसलाय आणि घरातली सगळी धावत सुटलीत. आई स्वयंपाकघरातून बाहेर आली आणि दारातच उभी राहिली. तो आवाज शाहीर साबळ्यांचा होता.

त्या वादानंतर मी त्यांच्याबद्दल जमेल तसं वाचायला लागले. जे कळलं ते इथे सांगते.

कृष्णराव गणपतराव साबळे यांचा जन्म ३ सप्टेंबर १९२३ चा, सातारा जिल्ह्यात वाईजवळच्या पसरणी गावचा. पसरणीच्या घाटातून पाचगणीला जाणारी आपल्यापैकी बरीच मंडळी सहलीला त्या गावावरून गेली असतील, मीही गेले, पण गाव म्हणून बघितलं नाही. घर गरिबीचं. गाणं घरातच होतं, म्हणजे शिकवणी लावून नव्हे. जात्यावरच्या ओव्या, देवळातलं भजन आणि यात्रेतला तमाशा, एवढंच विद्यापीठ. लहानपणी ते बासरीही शिकले. पुढे शिक्षणासाठी त्यांना खानदेशात अमळनेरला आजीकडे पाठवलं. शाळा सातवीच्या आसपास सुटली. पण अमळनेरला त्यांना एक माणूस भेटला, तो म्हणजे साने गुरुजी.

आता इथे मी जरा थांबणार आहे, कारण इथून आपल्या नालवाडीचा धागा लागतो. साने गुरुजी अमळनेरच्या प्रताप हायस्कूलमध्ये शिक्षक होते. १९३० साली नोकरी सोडून ते स्वातंत्र्यलढ्यात उतरले. १९३२ मध्ये ते धुळ्याच्या तुरुंगात होते आणि त्याच तुरुंगात विनोबाही होते. विनोबांनी तिथे दर रविवारी गीतेच्या एकेका अध्यायावर प्रवचन दिलं, फेब्रुवारी ते जून, अठरा अध्याय. साने गुरुजी समोर बसून ते लिहून घेत. 'गीता प्रवचने' हे पुस्तक आज आपल्या हातात आहे ते त्या लिहून घेण्यामुळे. विनोबा तुरुंगातून सुटले आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरमध्ये नालवाडीला राहायला आले. १९३८ मध्ये पवनारला जाईपर्यंत ते इथेच होते. आपण ज्या रस्त्यावर चहाला जातो त्याच भागात त्यांनी सूतकताई करून त्या मजुरीवर जगून बघण्याचा प्रयोग केला.

इंजिनिअरिंगच्या विद्यार्थिनीला हे वाचताना एक गोष्ट लगेच दिसते. धुळ्याच्या तुरुंगात माइक नव्हता, टेप नव्हती. रेकॉर्डर होते ते साने गुरुजीच. त्यांचा हात वेगाने चालला म्हणून आवाज टिकला. अशा माणसाच्या सहवासात वाढलेल्या एका पोराचा आवाज पुढे पन्नास वर्षं तबकड्यांवर आणि फितींवर उतरत राहिला.

गुरुजींचा परिणाम नुसता वरवरचा नव्हता. अस्पृश्यता घालवायची, देवळं सगळ्यांना खुली करायची, हे गुरुजींचं काम. १९४७ च्या मे महिन्यात पंढरपूरचं विठ्ठल मंदिर हरिजनांना खुलं व्हावं म्हणून त्यांनी उपोषण केलं, हे आपण शाळेत वाचलंय. या कामात तरुण साबळे गाण्याने मदत करत होते. आणि दुसऱ्याच्या गावात जाऊन गाणं सोपं असतं, स्वतःच्या गावात कठीण. साबळ्यांनी पसरणीच्या भैरवनाथाच्या देवळातही दलितांचा प्रवेश घडवून आणला. त्या प्रसंगी साने गुरुजी, सेनापती बापट, क्रांतिसिंह नाना पाटील आणि कर्मवीर भाऊराव पाटील अशी मोठी माणसं गावात आली होती. गावातल्या लोकांचा राग ओढवून घ्यायचा आणि परत त्यांच्याचसमोर डफ घेऊन उभं राहायचं, याला किती धैर्य लागत असेल याचा विचार करा. आपण इथे हॉस्टेलच्या मीटिंगमध्ये मेसच्या पोळ्यांबद्दल बोलायला घाबरतो.

१९४२ च्या आंदोलनात ते होतेच. मग मुंबई. गिरणगावातली सातारा-कोकणची माणसं, चाळी, गणपती, सत्यनारायण, युनियनच्या सभा. हा शाहिरांचा प्रेक्षक. त्या काळात मुंबईत शाहिरांची फौजच होती, अमर शेख, अण्णाभाऊ साठे, गवाणकर. ते लाल बावट्याचे, साबळे मात्र समाजवादी विचारांच्या वळणाचे. पण डफ सगळ्यांचा एकच.

आता माझ्या आवडीच्या भागाकडे येते, रेकॉर्डिंग.

पोवाडा म्हणजे काय? एक शाहीर, हातात डफ, मागे तुणतुणं, झांज, ढोलकी आणि सूर धरणारे झीलकरी. शाहीर एक कडवं म्हणतो, मग गद्यात थोडी गोष्ट सांगतो, समोर बसलेल्या पाटलाची चेष्टा करतो, पुन्हा गातो. झीलकरी त्याची ओळ उचलून वर नेतात, तेवढ्यात शाहिराला दम घ्यायला मिळतो. असा पोवाडा तासभर चालतो, लोकांना आवडला तर दोन तास. आणि तबकडी? जुनी दहा इंची तबकडी मिनिटाला ७८ फेरे फिरायची आणि एका बाजूला साधारण सव्वातीन मिनिटं मावायची. हिशोब केला तर सगळा मिळून अडीचशेच्या आसपास फेरे. शिवाजी महाराजांनी अफझलखानाला भेटायला जायचं ते अडीचशे फेऱ्यांत आणि परत यायचं ते दुसरी बाजू लावल्यावर.

त्या तबकड्या लाखेच्या. लाख म्हणजे तीच, किड्यांपासून मिळणारी, जिच्या बांगड्या करतात. लाख आपल्याकडचीच आणि तबकड्या दाबण्याचा मोठा कारखाना कलकत्त्याजवळ डमडमला. हातातून पडली की तुकडे. सुई जाड लोखंडाची, ती प्रत्येक वेळी वाजवताना खाच थोडी थोडी खरवडायची. म्हणजे जी तबकडी लोकांना जास्त आवडली ती लवकर मेली आणि जी कुणी वाजवलीच नाही ती आज जुन्या बाजारात नव्यासारखी मिळते. मला हे फार वाईट वाटलं. आपल्या भाषेत सांगायचं तर प्रत्येक रीडबरोबर डेटा करप्ट होत होता.

दुसरी अडचण आवाजाची. मोकळ्या पटांगणात शेवटच्या माणसापर्यंत पोचायला शाहीर छातीतून आवाज फेकतो. स्टुडिओत माइक वीतभर अंतरावर. तिथे तशी फेक केली की काटा लाल रेघेच्या पलीकडे. डफाची थाप तर आणखी वाईट, कारण तिचा झटका क्षणात वर जातो. त्या काळच्या पद्धतीप्रमाणे वेगवेगळे ट्रॅक घेऊन मागाहून जुळवायची सोय नव्हती. सगळे एकदम गाणार, एकदम वाजवणार, आणि कुणाचा आवाज किती यायचा हे कोण माइकपासून किती पावलं लांब उभा आहे यावर ठरणार. एकाने खोकलं की पुन्हा पहिल्यापासून. पटांगणात शाहीर चुकला तर ती चूक विनोदात घालवतो आणि टाळी घेतो. तबकडीवर ती कायमची राहते.

तरीसुद्धा साबळ्यांनी हे माध्यम आपलंसं केलं. एच.एम.व्ही. ने त्यांच्या पोवाड्यांच्या, लोकगीतांच्या तबकड्या काढल्या, रेडिओने त्या वाजवल्या. त्यांचा आवाज ऐकलात तर एक लक्षात येईल. तो खणखणीत आहे पण ओरडणारा नाही. शब्द अगदी स्वच्छ. सव्वातीन मिनिटांत काय ठेवायचं आणि काय टाकायचं हे त्यांना कळलं होतं. गद्य गेलं, चेष्टा गेली, पण ठसका राहिला.

या सगळ्यात एक नाव मागे पडतं, भानुमतींचं. त्या साबळ्यांच्या पहिल्या पत्नी आणि स्वतः कवयित्री. साबळ्यांनी गायलेल्या बऱ्याच गाण्यांचे शब्द त्यांचे. पार्टी उभी राहिली त्या दिवसांत त्यांचा वाटा मोठा होता. पुढे दोघांचं पटलं नाही आणि ते वेगळे झाले. गाणाऱ्याचा फोटो मोठा छापतात आणि लिहिणारीचं नाव बारीक अक्षरात, हे तेव्हाही होतं. २०२३ साली त्यांच्यावर सिनेमा आला तेव्हा भानुमतींचं काम त्यांच्याच पणतीने केलं, त्यामुळे निदान आपल्या पिढीला हे नाव ऐकू आलं.

आता ते गाणं.

'जय जय महाराष्ट्र माझा' लिहिलं राजा बढे यांनी. राजा बढे कुठले? नागपूरचे! १९१२ मध्ये नागपुरात जन्मलेला हा कवी. 'चांदणे शिंपीत जाशी' त्यांचंच. मेसमधल्या वादात हे कुणालाच माहीत नव्हतं. चाल दिली श्रीनिवास खळे यांनी, जे पुढे अतिशय अवघड आणि नाजूक भावगीतांसाठी प्रसिद्ध झाले. आणि गायलं पसरणीच्या शाहिराने. खळ्यांची चाल म्हणजे शास्त्रीय वळणाची, हळुवार, असं सगळे म्हणतात, पण या एका गाण्यात त्यांनी डफाची जागा बरोबर ओळखली. १९६० साली राज्य स्थापन झालं त्या सुमाराला हे गाणं तबकडीवर आलं आणि मग ते कुणाचंच राहिलं नाही, सगळ्यांचं झालं.

पण १९६० ही तारीख आपल्याकडे वेगळी वाचली जाते, हे माझ्या मैत्रिणीमुळे मला समजलं. आपला वर्धा जिल्हा आधी मध्य प्रांतात, राजधानी नागपूर. १९५३ मध्ये नागपूर करार झाला. १९५५ च्या राज्य पुनर्रचना आयोगाने तर विदर्भाचं वेगळं राज्य करा असंच सुचवलं होतं. यवतमाळ जिल्ह्यातल्या वणीचे बापूजी अणे यांच्यासारखे मोठे नेते त्या बाजूचे. ते झालं नाही. १९५६ मध्ये आपण द्वैभाषिक मुंबई राज्यात गेलो आणि १ मे १९६० ला महाराष्ट्रात. मुंबईत संयुक्त महाराष्ट्रासाठी शंभरावर माणसांनी प्राण दिले, हा इतिहास खरा आहे. आणि इथे नागपूरची राजधानी गेली म्हणून लोक हळहळले, हाही खरा आहे. गाणं दोन्हीकडे एकच वाजलं.

साबळे स्वतः संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीत गावोगाव गात फिरले होते. म्हणजे ते गाणं त्यांनी भाड्याने म्हटलेलं नाही. त्या आवाजात जो जोर आहे तो चार वर्षांच्या सभांचा आहे. मला वाटतं म्हणूनच नंतर कितीतरी चांगल्या गायकांनी, मोठ्या वाद्यवृंदांनी ते गाणं म्हटलं तरी आपल्याला मूळ तबकडीच हवी असते. माझ्या मैत्रिणीने हा मुद्दा मान्य केला. आवाज खरा आहे, भांडण वेगळं आहे, एवढ्यावर तह झाला.

गाण्याच्या जोरावर ते बसून खाऊ शकले असते. पण त्यांनी केलं भलतंच. तमाशा म्हटलं की पांढरपेशे लोक नाक मुरडायचे, १९४८ च्या सुमारास तर मुंबई सरकारने तमाशावर बंदीच घातली होती, नंतर सेन्सॉर लावून ती उठली. साबळ्यांनी तमाशाचं अंग घेऊन, त्यातला चावटपणा कमी करून नवा प्रकार उभा केला आणि त्याला मुक्तनाट्य म्हटलं. 'यमराज्यात एक रात्र', 'असुनी खास मालक घरचा', 'आंधळं दळतंय', 'कोंडू हवालदार', 'बापाचा बाप' अशी त्यांची यादी आहे. 'आंधळं दळतंय' हे मुंबईतल्या मराठी माणसाच्या हलाखीवरचं, १९६६ च्या आसपासचं, म्हणजे शिवसेना स्थापन झाली त्याच काळातलं. त्या वातावरणात ते फार गाजलं. नाटक गावोगाव न्यायचं तर गावात थिएटर नाही, म्हणून त्यांनी फिरतं नाट्यगृह उभारायचा प्रयोगही केला. कनाती, खुर्च्या, दिवे, माणसं सगळं ट्रकमध्ये घालून. आपण टेक फेस्टला एक मंडप उभारताना रडतो, म्हणून हे वाचून मला जरा लाजच वाटली.

मग आली कॅसेट. सत्तरच्या दशकाच्या शेवटी आणि ऐंशीच्या दशकात कॅसेट स्वस्त झाली आणि लोकगीतांचं नशीब उघडलं. एका बाजूला तीस मिनिटं! सव्वातीन मिनिटांच्या कोंडवाड्यातून पोवाडा सुटला. भारूड पूर्ण म्हणता यायला लागलं, मधलं बोलणंही परत आलं. एस.टी. स्टँडवर, ऊस तोडायला जाणाऱ्या ट्रॅक्टरवर, लग्नाच्या मांडवात कॅसेटी वाजू लागल्या. आमच्या घरची कॅसेट याच काळातली. याच सुमाराला साबळ्यांनी 'महाराष्ट्राची लोकधारा' हा मोठा कार्यक्रम बसवला. गोंधळ, जागरण, वाघ्या-मुरळी, वासुदेव, कोळीगीतं, धनगरांचं नृत्य, लावणी, सगळं एका रंगमंचावर. साठीच्या घरात पोचलेला माणूस वीस-बावीस वर्षांच्या पोरांना नाचायला शिकवत होता. दूरदर्शनवर ते दिसलं आणि राज्याबाहेरही गेलं. या पार्टीत तयार झालेली पोरं पुढे मोठी झाली. भरत जाधव, अंकुश चौधरी, आणि शाहिरांचा नातू केदार शिंदे, ही नावं आपण सगळे ओळखतो. घरातही गाणं होतंच. मुलगा देवदत्त साबळे संगीतकार, 'ही चाल तुरुतुरु' ची चाल त्यांची. ते गाणं आपल्या प्रत्येक गॅदरिंगला कुणी ना कुणी म्हणतंच.

इथे एक तक्रार नोंदवते. मी ऐकलेल्या कॅसेटींत तरी आपल्याकडची दंडार सापडली नाही, खडी गंमत सापडली नाही. लोकधारा म्हटली तरी ती सह्याद्रीवरून वाहिली, झाडीपट्टीपर्यंत पोचता पोचता आटली. आमच्या आजीच्या गावाकडे पोवाड्यापेक्षा तुकडोजी महाराजांची खंजिरी जवळची. ही शाहिरांची चूक म्हणता येणार नाही, एका माणसाने किती गोळा करायचं? पण आपल्याकडून कुणी का केलं नाही, हा प्रश्न उरतो. दंडार करणारी माणसं अजून आहेत आणि आपल्या सगळ्यांच्या खिशात रेकॉर्डर आहे.

शाहिरांबद्दल वाचताना मला एका अमेरिकन गायकाची सारखी आठवण येत होती, पीट सीगर. तुम्हाला नाव माहीत नसेल पण गाणं माहीत आहे. आमच्या कॉन्व्हेंटमध्ये प्रार्थनेनंतर इंग्रजीत म्हणायला लावायचे आणि हिंदीत ते 'हम होंगे कामयाब' झालं. ते गाणं सीगरने रचलेलं नाही, कृष्णवर्णीयांच्या चर्चमधून आणि कामगारांच्या संपातून आलेलं, पण ते जगभर पोचलं त्यात त्याचा मोठा वाटा. हातात बॅन्जो, समोर कामगार. पन्नासच्या दशकात त्याच्यावर कम्युनिस्ट म्हणून चौकशी बसली, टीव्हीवाल्यांनी कितीतरी वर्षं त्याला दारात उभं केलं नाही. तेव्हा तो शाळा-कॉलेजांत गात फिरला आणि फोकवेज नावाच्या एका छोट्या कंपनीसाठी रेकॉर्ड करत राहिला. त्या कंपनीचा मालक मोझेस ॲश विचित्र माणूस होता. एकदा काढलेली रेकॉर्ड, वर्षाला चार प्रती खपल्या तरी, यादीतून काढायची नाही असा त्याचा नियम. त्याने दोन हजारांवर रेकॉर्डी काढल्या आणि तो गेल्यावर १९८७ मध्ये तो सगळा साठा तिथल्या स्मिथसोनियन या राष्ट्रीय संस्थेने घेतला, तोही सगळं कायम उपलब्ध ठेवायच्या अटीवर. त्यामुळे सीगरने १९५० च्या दशकात काय म्हटलं ते आज कुणालाही मिळतं.

सीगर १९१९ चा, साबळे १९२३ चे. सीगर २०१४ च्या जानेवारीत गेला, चौऱ्याण्णव वर्षांचा होऊन. साबळे २० मार्च २०१५ ला मुंबईत गेले, वय एक्क्याण्णव. दोघांनीही तबकडी, एल.पी., कॅसेट आणि सीडी, सगळं बघितलं. फरक पडला तो नंतर. आपल्याकडे एच.एम.व्ही. चं नाव बदलून सारेगामा झालं, मोठी लोकप्रिय गाणी नव्या रूपात आली, पण शाहिरांच्या छोट्या तबकड्या संग्राहकांच्या कपाटात. पटांगणातले तास-दोन तासांचे पोवाडे तर बहुतेक हवेतच गेले, कारण तिथे माइक होता तो भोंग्याचा, टेपचा नव्हता. आपल्याकडे 'जय जय महाराष्ट्र' मागणारे लाखो आहेत. ॲशसारखा वर्षाला चार प्रतींसाठी रेकॉर्ड जपणारा सापडत नाही.

मान-सन्मान मिळाले. १९८४ मध्ये संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार, १९९८ मध्ये पद्मश्री. 'माझा पवाडा' हे आत्मचरित्र त्यांनी लिहिलं. ते कुणाला मिळालं तर जरूर वाचा. शाहिराने स्वतःवरच पवाडा रचायचा ही कल्पनाच किती मजेशीर आहे. शेवटची काही वर्षं आजारपणात गेली. ते गेले तेव्हा मी प्राथमिक शाळेत होते. टीव्हीवर दिवसभर तेच गाणं लागलं होतं आणि मला वाटलं आज महाराष्ट्र दिन आहे.

३१ जानेवारी २०२३ ला राज्य मंत्रिमंडळाने 'जय जय महाराष्ट्र माझा' राज्यगीत म्हणून स्वीकारलं आणि १९ फेब्रुवारीपासून, शिवजयंतीला, ते अमलात आलं. गाणं ऐकून त्रेसष्ट वर्षं झाल्यावर सरकारला जाग आली, कारण लोकांनी आधीच ते राज्यगीत मानलं होतं. मूळ गाण्यात तीन कडवी आहेत. राज्यगीतासाठी दोन घेतली आणि लांबी ठरली १ मिनिट ४१ सेकंद. तासाभराच्या पोवाड्याचे सव्वातीन मिनिटं झाले होते, आता त्याचेही निम्मे. हे वाचून मला हसू आलं. शाहीर असते तर त्यांनी यावर एक फटका नक्की लावला असता.

त्या वर्षीच्या एप्रिलमध्ये 'महाराष्ट्र शाहीर' हा सिनेमा आला, नातू केदार शिंदे यांनी केलेला, अंकुश चौधरी शाहिरांच्या भूमिकेत, संगीत अजय-अतुलचं. आपल्या हॉस्टेलमधल्या बऱ्याच जणींनी त्यातलं 'बहरला हा मधुमास' रीलवर बघितलं असेल, शाहिरांचा सिनेमा आहे हे माहीत नसताना. मीही त्यातलीच.

हे सगळं जमवून झाल्यावर एका रविवारी मी टेपरेकॉर्डर हॉस्टेलवर आणला. वॉर्डन मॅडमनी आधी हे काय भंगार म्हणून विचारलं आणि मग 'विंचू चावला' लागल्यावर स्वतःच खुर्ची ओढून बसल्या. त्यांच्या माहेरी म्हणे हीच कॅसेट होती. माझी यवतमाळची मैत्रीणही आली. मी तिला त्या गाण्यात नद्यांची जी नावं येतात ती सांगितली. सुरुवातीलाच नर्मदा येते, रेवा या नावाने, आणि तिच्या लगेच पुढे, कृष्णा-कोयनेच्याही आधी, वरदा. काही लोक म्हणतात की वरदा ही कर्नाटकातली नदी. पण लिहिणारा नागपूरचा, त्यामुळे ही आपली वर्धाच असं आम्ही इकडचे धरून चालतो. पवनारला विनोबांच्या आश्रमाखालून धाम नदी जाते, तिचं पाणी शेवटी वर्धेलाच मिळतं. आणि वर्धा नदी कुठल्या जिल्ह्याच्या कडेने वाहते? एका काठाला आपण, दुसऱ्या काठाला यवतमाळ.

मैत्रीण काही बोलली नाही. तिने टेप मागे फिरवली आणि भारूड पुन्हा लावलं. तिसऱ्यांदा लावताना फीत आत अडकली, म्हणून आता पेन्सिल घालून ती गुंडाळत बसलेय. कुणाकडे जुनी कॅसेट, तबकडी किंवा घरच्या कुणी म्हटलेल्या दंडारीचं रेकॉर्डिंग असेल तर मुलींच्या हॉस्टेलच्या ऑफिसात माझ्यासाठी निरोप ठेवा. बेल्ट मी आणखी दोन आणून ठेवलेत.